फेरा पुरा होतो, तरीही

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला बीबी का मक्बरा दाखवायला नेतो. तिकीट काढतो, मोठ्या दरवाजातून आत शिरतो आणि समोर घुमट दिसला की पाहुणा ठरलेले वाक्य बोलतो, "अरे, हा तर ताजमहालच की!" या गडबडीत ज्या दरवाजातून आत आलो त्याच्याकडे पाहायचे राहून जाते. त्या दरवाजावरच्या लेखात दोन माणसांची नावे आहेत. एक अताउल्लाह, इमारतीचा रचनाकार. दुसरा हंसपत राय, तिचा अभियंता. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू १६५७ मध्ये वारली, तिच्यासाठी ही इमारत उभी राहिली. राजे-रजवाड्यांची नावे सगळ्याच इमारतींना चिकटतात; कारागिरांची नावे दरवाजावर राहणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि आपल्या शहरात ती घडलेली आहे.

हा अताउल्लाह म्हणजे ताजमहालाचे रचनाकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. पण मला आज त्याच्या दुसऱ्या कामाविषयी बोलायचे आहे. मक्बऱ्याच्या कितीतरी आधी, १६३४-३५ मध्ये, त्याने एका संस्कृत ग्रंथाचा फारसीत अनुवाद केला आणि तो शाहजहानला अर्पण केला. तो ग्रंथ होता भास्कराचार्यांचे 'बीजगणित'. पुढे १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेची या इंग्रज अधिकाऱ्याने याच फारसी अनुवादावरून तो इंग्रजीत नेला.

भास्कराचार्य आपल्याला परके नाहीत. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेले की पाटण लागते, पाटणादेवीचे. तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखात लिहिले आहे की भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. घाटाखाली ज्या ग्रंथांसाठी मठ निघाला, त्यांतल्याच एकाचा अनुवाद करणाऱ्या माणसाने घाटावर मक्बरा उभारला. मधे चारशे-साडेचारशे वर्षे गेली, एवढेच.

आता तुम्ही म्हणाल, कवितेच्या माणसाने बीजगणितात का शिरावे? मी कला शाखेचा पदवीधर. पण या ग्रंथात एक कोडे आहे, त्याने मला बरीच वर्षे सोडलेले नाही. एक वर्गसंख्या घ्या. तिची ६१ पट करा. त्यात १ मिळवा. जी संख्या येईल तीही वर्गसंख्या असली पाहिजे. शोधा अशी जोडी. घरी प्रयत्न करून पाहा, पण जेवण करून बसा, कारण सर्वांत लहान उत्तर असे आहे: २२,६१,५३,९८० चा वर्ग घ्या, त्याची ६१ पट करून १ मिळवा, म्हणजे १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग येतो. भास्कराचार्यांनी हे ११५० च्या सुमारास काढले. फ्रान्समध्ये फर्मा याने हाच ६१ चा प्रश्न आपल्या समकालीनांपुढे टाकला तो १६५७ मध्ये, म्हणजे दिलरसबानू गेली त्याच वर्षी. योगायोग, दुसरे काही नाही.

भास्कराचार्यांच्या या रीतीचे नाव चक्रवाल. एक पायरी करायची, जे हाती येईल त्यावर पुन्हा तीच पायरी, पुन्हा तीच, आणि चाक फिरत फिरत उत्तरापाशी येऊन थांबते. पण प्रत्येक वेळी थांबते कशावरून? ६१ ला थांबले, ६७ ला थांबले, म्हणून कुठल्याही संख्येला थांबेलच असे कोण सांगणार? असे उत्तर नेहमी असतेच, हे लाग्रांज याने १७६८ च्या सुमारास सिद्ध केले. खुद्द चक्रवालाचे चाक नेहमी थांबते याची सिद्धता म्हैसूरचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये दिली. हे अय्यंगार म्हणजे कवी ए. के. रामानुजन यांचे वडील. घरात एक गणिती आणि एक कवी असला की काय होते हा विषय वेगळा आहे, पण ही माहिती मिळाली तेव्हा मला फार बरे वाटले.

'हे संपेल की नाही?' हा साधा प्रश्न आहे. सावकाराच्या व्याजापासून घटस्फोटाच्या खटल्यापर्यंत आपण तो विचारतच असतो. गणिताच्या एका शाखेने हा प्रश्न विसाव्या शतकात शंभर प्रकारे विचारला आणि त्याची उत्तरे धक्कादायक निघाली. त्या शाखेला मराठीत गट सिद्धांत म्हणतात.

गट म्हणजे काय, हे भास्कराचार्यांच्याच प्रश्नावरून सांगतो. ६१ ऐवजी २ घ्या, म्हणजे आकडे आवाक्यात राहतील. २ चा वर्ग ४, त्याची दुप्पट ८, अधिक १ म्हणजे ९. हा ३ चा वर्ग. तेव्हा (३, २) ही एक जोडी झाली. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये दोन जोड्यांपासून तिसरी जोडी बनवायची रीत दिली आणि तिला 'भावना' असे सुंदर नाव ठेवले. (३, २) ची स्वतःशीच भावना केली की (१७, १२) मिळते. १२ चा वर्ग १४४, दुप्पट २८८, अधिक १ म्हणजे २८९, तो १७ चा वर्ग. पुन्हा (३, २) शी भावना केली की (९९, ७०). मग (५७७, ४०८). असे कितीही. आणि गंमत पुढेच आहे: या प्रश्नाची जेवढी म्हणून उत्तरे आहेत, अगणित, ती सगळी या एकट्या (३, २) पासून निघतात. एकही बाहेर राहत नाही. गझलेत मतल्याने रदीफ-काफिया ठरवून दिला की पुढचे शेर किती हे कवीच्या दमावर असते, तसेच हे.

दोन गोष्टी एकत्र करून तिसरी मिळते. ती त्याच कुटुंबातली असते. काहीच न करणे हीसुद्धा कुटुंबातली एक गोष्ट मानली जाते. आणि केलेले प्रत्येक काम उलटवता येते. एवढ्या अटी पाळणाऱ्या कुटुंबाला गट म्हणायचे. ज्यात मोजून एवढेच सभासद आहेत तो गट सांत. शांत नव्हे, सांत. ज्याला अंत आहे तो. भास्कराचार्यांच्या उत्तरांचा गट अनंत आहे, पण त्याची जनक जोडी एकच, फार तर चिन्हाचा फरक. म्हणजे पसारा अनंत, मूळ मात्र हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे. गणिती लोकांना अशा अटी फार प्रिय. सगळेच सांत नसेल तर निदान काहीतरी सांत असू दे, आणि मग तेवढ्या आधारावर आतली रचना कशी आहे ते पाहू, असा त्यांचा व्यवहार असतो.

संख्यांचा कंटाळा आला असेल तर मक्बऱ्यात चला. आत, खालच्या बाजूला, कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. कागदावर तसा सारख्या बाजूंचा अष्टकोन काढा आणि तो एक अष्टमांश फेरा फिरवा. फिरवला की नाही हे कळणारही नाही, आकृती होती तशीच दिसते. अशा फिरवण्याला आपण 'चाल' म्हणू. मला हा शब्द आवडतो, कारण बुद्धिबळातही चाल असते आणि गाण्यालाही चाल असते. ही चाल आठ वेळा केली की आपण मूळ जागी, घरी. कागद उलटा करणे ही दुसरी चाल, ती दोनदा केली की घरी. या दोन मूळ चाली उलटसुलट कितीही वेळा करा, एकूण वेगवेगळ्या चाली निघतात १६. सतरावी नाही. सांत गट.

आता जाळीचा नमुना घ्या, आणि कल्पना करा की तो भिंतभर नव्हे तर दाही दिशांना पसरला आहे. सगळा नमुना एक घर उजवीकडे सरकवा. जसाच्या तसा बसतो. पुन्हा सरकवा, पुन्हा बसतो. पण ही चाल कधीच घरी येत नाही. हजार वेळा सरकवा, तुम्ही हजार घरे दूर. अनंत गटात येण्याचा हा सरळ रस्ता: न परतणारी एखादी चाल.

मग हा रस्ता बंद केला तर? ग्रीनिचच्या नाविक महाविद्यालयात आरमारी अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे विल्यम बर्नसाइड नावाचे प्राध्यापक होते. इंग्रजीतले गटांवरचे पहिले पुस्तक त्यांचे, १८९७ चे. त्यांनी १९०२ मध्ये विचारले: मूळ चाली मोजक्या आहेत. शिवाय गटातली प्रत्येक चाल काही वेळा केली की घरी येते. मग सगळा गट सांत असलाच पाहिजे ना?

इथे 'प्रत्येक' या शब्दावर बोट ठेवायला हवे. केशकर्तनालयात समोरासमोर दोन आरसे असतात. एका आरशातले प्रतिबिंब दोनदा उलटवले की घरी. दुसऱ्याचेही तसेच. दोन मूळ चाली, दोन्ही दोन पावलांत घरी येणाऱ्या. पण एकात उलटवून मग दुसऱ्यात उलटवले, की तुम्ही थोडे सरकता. पुन्हा केले की आणखी सरकता. म्हणून तर खुर्चीत बसल्यावर आपल्याच डोक्यांची रांग पार लांब गेलेली दिसते. तेव्हा नुसत्या मूळ चाली परतून भागत नाही. त्यांचा प्रत्येक मिलाफ, कितीही लांब असो, परतला पाहिजे. बर्नसाइड यांची अट ती होती.

क्रम बदलून फरक पडत नसेल तर उत्तर सोपे आहे. आधी चहा मग पान की आधी पान मग चहा, पोटात दोन्ही जातात. एक चाल १२ वेळांनी परतते, दुसरी ७ वेळांनी, आणि त्यांचा क्रम मोकळा असेल, तर सगळ्या पहिल्या चाली एकीकडे, सगळ्या दुसऱ्या एकीकडे गोळा करता येतात. १२ गुणिले ७, म्हणजे ८४ पेक्षा जास्त प्रकार होणारच नाहीत. भावनेचा क्रम असाच मोकळा आहे. पण जगातल्या बहुतेक गोष्टी चहा-पानासारख्या नसतात, मोजे आणि बूट यांच्यासारख्या असतात. आधी बूट घालून मग मोजे घालून पाहा.

बर्नसाइड यांनी एक कडक अटही घालून पाहिली. प्रत्येक चाल परतायला हवी, आणि सगळ्यांसाठी एकच आकडा. समजा तो आकडा २. दोन मूळ चाली क आणि ख. कख हा मिलाफही दोनदा केला की घरी, म्हणजे कखकख म्हणजे काहीच न करणे. याच्या आधी एक क आणि शेवटी एक ख जोडा. काहीच न करण्याला हे जोडले की राहते कख. दुसऱ्या बाजूला झाले ककखकखख. त्यातले पहिले कक गेले, शेवटचे खख गेले, उरले खक. म्हणजे कख आणि खक एकच! क्रम मोकळा झाला, कोणी न सांगता. घरी परतण्याच्या अटीनेच चालींना एकमेकींशी जुळवून घ्यायला लावले. एकूण चाली चार: काहीच नाही, क, ख आणि कख. ही चार ओळींची सिद्धता मला एखाद्या चांगल्या शेरापेक्षा कमी वाटत नाही.

आकडा ३ घेतला की दोन मूळ चालींपासून जास्तीत जास्त २७ चाली होतात. ४ घेतला की ४,०९६. आकडा ४ असताना, मूळ चाली मोजक्या असल्या तर गट सांतच राहतो, हे सानोव्ह याने १९४० मध्ये दाखवले. ६ साठी मार्शल हॉल याने १९५८ मध्ये. तिथे दोन मूळ चालींचा गट होतो तो २१ आकडी संख्येएवढा. मोठा, पण सांत. इथवर बर्नसाइड यांच्या बाजूने सगळे चालले होते.

मग १९६४ मध्ये गोलोद या सोव्हिएत गणितीने, शाफारेविच याच्याबरोबर तयार केलेले साधन वापरून, असा गट बांधून दाखवला की ज्याच्या मूळ चाली तीन, प्रत्येक मिलाफ कधी ना कधी घरी येणारा, आणि तरी गट अनंत. त्यात परतीचा एक ठरलेला आकडा मात्र नव्हता. कोणी लवकर येई, कोणी फार उशिरा. म्हणजे कडक अटीची आशा उरली होती. ती १९६८ मध्ये नोव्हिकोव्ह आणि आद्यान या गुरुशिष्यांनी संपवली. परतीचा आकडा ४,३८१ किंवा त्याहून मोठा कुठलाही विषम घ्या, दोन मूळ चाली घ्या, गट अनंत होऊ शकतो. आद्यान याने १९७५ मध्ये हा आकडा ६६५ पर्यंत खाली आणला. ६६५ वेळा केली की प्रत्येक चाल घरी, कुणीही फरार नाही, आणि तरीही नवनव्या चाली निघतच राहतात.

याच दोघांनी १९५५ मध्ये, वेगवेगळे, आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती मला जास्त अस्वस्थ करते. मोजक्या मूळ चाली आणि मोजके नियम कागदावर लिहून दिले, तर दोन मिलाफ एकच आहेत की वेगळे, हे प्रत्येक गटासाठी ठरवून देणारी सरसकट रीत असूच शकत नाही, हे नोव्हिकोव्हने सिद्ध केले. तो कागद पाहून गट सांत आहे की अनंत हे दर वेळी सांगणारी रीतही शक्य नाही, हे आद्यानच्या कामातून आले. संगणक कितीही वेगवान होवो. रीत अजून सापडली नाही असे ते म्हणत नाहीत. ती अस्तित्वातच नाही असे म्हणतात. चक्रवालाचे चाक थांबते हे आपल्याला सिद्ध करता आले, ही किती नशिबाची गोष्ट होती ते इथे कळते.

कुणाला वाटेल, असे गट म्हणजे गणितज्ञांनी ओढूनताणून बनवलेले राक्षस असावेत. ग्रिगोर्चुक याने १९८० मध्ये दिलेला गट पाहा. एक रेघ घ्या, अर्ध्यात कापा, डावा भाग उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवा. ही पहिली चाल. उरलेल्या तीन चाली रेघेच्या लहान लहान होत जाणाऱ्या तुकड्यांमध्ये अशीच अदलाबदल करतात. काही तुकड्यांना हात लावतात, काहींना सोडून देतात. चारही चाली दोन वेळांत घरी येतात, त्या आरशांसारख्या. पण आरशांच्या उलट, इथे त्यांचा प्रत्येक मिलाफही घरी येतो. आणि गट अनंत. कात्री आणि कागदाची पट्टी असली तर सुरुवातीच्या पायऱ्या शाळकरी मूलही करून पाहील.

सगळेच बर्नसाइड यांच्या विरुद्ध गेले असे नाही. प्रश्न थोडा वळवून विचारता येतो. मूळ चाली किती आणि परतीचा आकडा कोणता हे ठरवून टाका; आता फक्त सांत गट पाहा. त्यांत सर्वांत मोठा असा कोणी असतो का, की ते वाढतच जातात? एफिम झेल्मानोव्ह याने १९९० च्या आसपास सिद्ध केले की सर्वांत मोठा असतोच. त्यासाठी त्याला १९९४ मध्ये फील्ड्स पदक मिळाले. म्हणजे सांतांचे जग बेभरवशाचे नाही, त्याला छत आहे. छताच्या वर एकदम अनंत. मधले काही नाही.

तुमच्या लक्षात आले असेल, वरच्या यादीत २, ३, ४ आणि ६ आले, ५ आला नाही. जाळ्यांच्या नमुन्यांतही असेच एक बंधन आहे. नमुना जर एकाच पावलाने दोन्ही दिशांना पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो फिरवून जुळवायचा फेरा फक्त अर्धा, तिसरा, चौथा किंवा सहावा हिस्सा असू शकतो. पाचवा कधीच नाही. आठवाही नाही: एकट्या अष्टकोनांनी भिंत भरत नाही, मधे चौकोन सोडावे लागतात, आणि असा सगळा नमुना पाव फेऱ्याने जुळतो, त्याच्या अर्ध्याने जुळत नाही. अशा सपाट नमुन्यांच्या एकूण जाती १७, हे रशियाच्या फ्योदोरोव्हने १८९१ मध्ये दाखवले. या दोन यादींत तेच आकडे यावेत यामागे काही नाते आहे असा माझा दावा नाही. मला ते पाहून मजा वाटते, इतकेच.

पण बर्नसाइड यांच्या प्रश्नातला ५ खरोखरच अडून बसला आहे. दोन मूळ चाली, आणि प्रत्येक मिलाफ पाच वेळा केला की घरी. एवढेच. हवास, वॉल आणि वॉम्सली यांनी १९७४ मध्ये दाखवले की असा सर्वांत मोठा सांत गट ५ चा ३४ वा घात, म्हणजे २४ आकडी संख्येएवढा आहे. त्यापलीकडे ती एक जरी चाल गेली तर गट अनंत असलाच पाहिजे. ती जाते की नाही, हे आजही कुणाला सिद्ध करता आलेले नाही.